घोडीला कुणी विचारलं?

मांड्यांना तेल चोळत बसले होते तेव्हा भाचीचा फोन आला. वयाच्या 52व्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकतेय, हे तिला तिच्या आईकडून कळलं होतं. हाडं मोडतील, गुडघे जातील, असं काही म्हणाली असती तर मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. बाकी सगळे तेच म्हणत होते. ती म्हणाली, "मावशी, त्या घोडीला विचारलंस का?" आणि हसलीसुद्धा नाही.

काहीतरी उडवाउडवीचं बोलून मी फोन ठेवला. तेल जिरलं, प्रश्न जिरला नाही.

घोडा आणि मराठी माणूस याबद्दल वाचकाला मी नवं काय सांगणार? भीमथडीची तट्टं, अटकेपर्यंतची दौड, चौकाचौकातले अश्वारूढ पुतळे, सगळं आपल्याला पाठ आहे. आपण घोड्यावरून कधीच उतरलो, आपली जीभ मात्र अजून वरच बसलेली आहे. सभेत कुणीतरी आपलंच घोडं दामटत असतो, सरकारी कामाचं घोडं कुठेतरी पेंड खातं, कचेऱ्यांत खोगीरभरती होते, खर्चाला लगाम घालायचा असतो. शिकायला लागल्यावर मात्र जाणवलं, की यातला एक शब्द आपण वापरून वापरून झिजवलाय आणि त्याच्या जोडीचा जवळजवळ टाकून दिलाय. झिजलेला तो लगाम. टाकलेली ती मांड. लगाम हातात असतो. मांड म्हणजे जांघा, कंबर आणि कणा यांनी घोड्याच्या पाठीवर धरलेली जागा. मनाला, जिभेला, महागाईला लगाम घालणारे पुष्कळ भेटतात. मांड पक्की कर, असं मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले ते आमचे उस्ताद, आणि तेसुद्धा हिंदीतून.

उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. पुण्याबाहेरच्या त्या मैदानावर पहिल्या दिवशी त्यांनी मला लगाम दिलाच नाही. सोनी नावाची कुमैत घोडी, तिला बांधलेला लांब दोर, दोराचं टोक उस्तादांच्या हातात. मी वर, पाय रिकिबीत, हात कमरेवर. "एडी नीचे, नजर सामने." घोडी सावकाश चालते तेव्हा चार पाय चार वेळा पडतात, तो हेलकावा सोसतो. दुडकी सुरू झाली की एक पुढचा आणि त्याच्या तिरप्या रेषेतला मागचा असे दोन-दोन पाय एकदम पडतात आणि दर ठोक्याला तिची पाठ आपल्याला वर भिरकावते. ती वर येते तेव्हा मी खाली येत होते. पाऊण तास आम्हा दोघींचं हे असं चाललं होतं. धरायला काही नसलं की माणूस काय करतो, हे मला त्या पाऊण तासात कळलं: तो श्वास धरतो.

घरी आल्यावर कठोपनिषद काढलं. (अंग ठणकत असलं की मला तत्त्वज्ञान सुचतं, ही जुनी खोड.) यम नचिकेताला सांगतो ते रूपक सगळ्यांना ठाऊक आहे: शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे. आजवर मला ते निर्दोष वाटत आलं होतं. आता वाटलं, हा रथात बसणाऱ्याचा विचार आहे. सारथी आणि घोडा यांच्यात अंतर असतं, आणि त्या अंतरात लगामाशिवाय फारसं काही नसतं. म्हणून त्याला सगळा प्रश्न खेचण्याचा आणि सोडण्याचा वाटतो. स्वाराला हे अंतरच मिळत नाही. घोड्याच्या कातडीवर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरते; जी कातडी माशी ओळखते तिला खोगिराआडूनही माझा घाबरलेला गुडघा ओळखता येणारच. यमाने नचिकेताला रथाऐवजी घोड्यावर बसवलं असतं, तर इंद्रियनिग्रहाची आपली कल्पना कदाचित वेगळी झाली असती. खेचून धरण्याऐवजी सैल बसण्याची. असो, यमाशी वाद घालण्याइतकी माझी मांड अजून पक्की नाही.

पण भाचीसाठी उत्तर सापडलं. लगामाने हुकूम होतो, मांडीने विचारणं होतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची रिकामी जागा असते. लगामाची लोखंडी कडी नेमकी तिथे बसते. तोंडात लोखंड घालून ओढणं म्हणजे हुकूमच, नाही म्हणत नाही. पण कंबर किंचित मागे, खांदे सरळ, आणि समोरचीने थांबायचं की नाही ते ठरवायचं, याला विचारणं नाहीतर काय म्हणायचं? तिसऱ्या आठवड्यात तर पुरावाच मिळाला. थांबावं असं माझ्या मनात आलं, हात हलला नाही, आणि सोनी थांबली. मी उस्तादांना म्हटलं, हिला माझ्या मनातलं कळलं. ते म्हणाले, "आपने साँस छोडी."

इथे माझ्या उत्तराचं घोडं अडलं.

1904च्या सुमाराला बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने धमाल उडवून दिली होती. फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्या सोडवायचा. चौकशी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने शोधलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. आकडा बरोबर आला की विचारणाऱ्याचं डोकं त्याच्या नकळत किंचित हलायचं; घोडा ते वाचायचा आणि थांबायचा. ही गोष्ट घोड्याला गणित येत नाही याचा पुरावा म्हणून सांगतात. मला त्यात आता आणखी एक दिसतं. जो आपल्याला असं वाचतो त्याला विचारायचं कसं? मी प्रश्न तयार करेपर्यंत सोनीचं उत्तर देऊन झालेलं असतं. समोरच्याच्या अंगावर सतत लक्ष ठेवणं ही जिवावरच्या भीतीतून आलेली सवय आहे. नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, ते कुणाचं तरी भक्ष्य असल्यामुळेच. त्या सवयीला मी संवाद म्हणत होते.

शिवाय विचारणं खरं असेल तर नकारही खरा मानायला हवा. सोनी नकार देते की! कान मागे पाडते, फाटकाकडे वळते, एकदा तर भर मैदानात खांबासारखी उभी राहिली. मी काय केलं? उस्ताद म्हणाले तशी टाच मारली.

तेव्हा भाची बरोबर. पण पूर्ण नाही, आणि हे मी हरल्यामुळे म्हणत नाही. (तिने तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लॅब्रेडोर पाळलाय, त्याला विचारलं होतं का, असं मी तिला म्हटलंसुद्धा. तो वाद नव्हता, चिमटा होता.) संमती हा तिचा लाडका शब्द. तो शब्द जिथे लागू पडत नाही तिथे ती एकदम दार बंद करते: विचारता येत नाही ना, मग बसू नकोस. आणि मग सोनीचं काय, हे तिच्या वाक्यात कुठेच येत नाही. माथेरानला मोटारी चालत नाहीत, तिथली कितीतरी घरं घोड्यांवर चालतात. त्या घोड्यांसाठी उद्यापासून कुणी बसणार नाही, या बातमीचा अर्थ सुटका असाच होईल असं नाही. अर्थात हा युक्तिवाद मला फार सोयीचा आहे, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही.

मला वेगळंच काहीतरी खुपू लागलं होतं. मराठी फौजेत शिलेदार वेगळा आणि बारगीर वेगळा. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. मी बारगीर. पैसे भरते, पाऊण तास बसते, उतरते. दुसरा बारगीर तयारच असतो. सोनीच्या पाठीवर रोज किती जण पहिल्यांदा आदळतात? माझा तो पहिला धडा होता, तिचा कितवा? मी शिकत होते तेव्हा ती काम करत होती. एवढी साधी गोष्ट, पण संवाद, संमती, मांड, लगाम यांच्या गर्दीत आम्हा दोघींच्याही लक्षात आली नव्हती. भाची तिला विचारा म्हणत होती, मी विचारतेय म्हणत होते, आणि ती तिकडे पाळी भरत होती.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, असं ते वर चढत जातं. शाळेत हे पाठ करताना कंटाळा यायचा. आता त्यातला दुसराच तपशील डोळ्यांत भरतो: दर 25 घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोड्याला लढायचंय का हे कुणी विचारलं नव्हतं, पण त्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार याची आकड्यांत बांधलेली तजवीज होती. यात भूतदया किती आणि हिशोब किती, कोण जाणे. मला तो हिशोब भूतदयेपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

म्हणून पुढच्या गुरुवारी मी उस्तादांना विचारलं, सोनी रोज किती तास चालते, किती वजनापर्यंतचा माणूस घेते, म्हातारी झाल्यावर कुठे जाते. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं लगेच आली. तिसऱ्याला त्यांनी दोर गुंडाळायला घेतला. ती गुंडाळी मला आवडलेली नाही, आणि मी तो प्रश्न दर महिन्याला विचारणार आहे. हल्ली अर्धा तास आधी जाऊन खराराही मीच करते. मानेच्या मुळाशी खरारा फिरला की ती ओठ लांब करते. त्याला सुख म्हणायचा मोह मी आवरते.

रविवारी भाची आली होती. सोनीपासून दहा हात लांब उभी राहिली, मग पाच, मग गवताची पेंडी घेऊन अगदी जवळ. मोतद्दाराला म्हणाली, "काका, हिला आवडतं का हो हे?"

त्याने पोटपट्टा आवळायला घेतला होता. "विचारू नका ताई, नाहीच म्हणेल," तो म्हणाला. "सोमवारी सुट्टी असते तिला."