ग्रीन माउंटनवरचं रान

सोलापूरच्या वाटेवर दुतर्फा माजलेली वेडी बाभूळ बघून मी कुरकुरलो, तर सोबतचे गृहस्थ म्हणाले, “निदान हिरवं तरी आहे ना!” वर दाखलाही दिला: इंग्रजांनी अटलांटिकमधल्या एका बोडक्या ज्वालामुखीवर मिळेल ते झाड लावलं आणि आज तिथे जंगल उभं आहे. दाखला खोटा असता तर मी विसरूनही गेलो असतो. पण तो खरा आहे, म्हणून अजून सलतो.

ते बेट असेन्शन. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,६०० किलोमीटर. शेजार म्हणावा तर तेराशे किलोमीटरवरचं सेंट हेलेना. नेपोलियनला तिथे ठेवलं म्हणून १८१५ साली इंग्रजी आरमाराने इथेही ठाणं दिलं, हे सर्वश्रुत आहे. डार्विन १८३६ साली येऊन गेला. १८४३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आला आणि त्याने सुचवलं की डोंगरावर झाडं लावा, ती ढगांतलं पाणी अडवतील. मग लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या मदतीने जगभरातली रोपं जहाजांतून येऊ लागली.

हे बेट पायी बघायचं. इथे ‘लेटरबॉक्स वॉक’ नावाची सुंदर पद्धत आहे: आडबाजूच्या शिखरांवर, सुळक्यांवर डबे ठेवलेले असतात, आत वही आणि रबरी शिक्का. तिथवर पोचायचं, नाव लिहायचं, शिक्का मारून घ्यायचा. खालच्या वाटा लाव्ह्याच्या खंगरातून जातात. पाऊल टाकलं की फुटक्या कौलांसारखा खणखणाट होतो, आणि धारदार कडा बुटाचे तळवे खातात. सावलीचं नाव नाही. जसजसं ग्रीन माउंटन चढावं तसं गवत लागतं, मग पेरू, रानटी आलं, मग चिखल. ८५९ मीटरच्या माथ्यावर एक छोटं तळं आहे आणि त्याभोवती बांबूची अशी दाटी की चहूकडे समुद्र असूनही तो दिसत नाही. काही तासांच्या चालीत रखरखाटातून माणूस धुक्यात येतो. अशा ठिकाणी हूकरचे आभार मानावेसे वाटले तर नवल नाही.

पण रानाकडे बघताना मी एक भेद कधी सोडत नाही: चालणाऱ्याचं रान वेगळं, राहणाऱ्याचं वेगळं. चालणाऱ्याला सावली हवी, गारवा हवा. या डोंगरावर मुळात राहणारे म्हणजे नेचे, शेवाळं आणि थोडं गवत. झाड एकही नव्हतं. फक्त याच बेटावर सापडणाऱ्या नेच्यांना उघडा ओला कातळ हवा होता. बाहेरून आलेल्या हिरवाईने तोच झाकला.

फ्रेड पिअर्स या इंग्रज लेखकाने ‘द न्यू वाइल्ड’ या २०१५ च्या पुस्तकात ग्रीन माउंटनचा मोठा गौरव केला आहे. एकमेकांना कधी न भेटलेल्या वनस्पतींनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांत चालतं रान उभं केलं, तेव्हा परक्या जातींचा धसका सोडा, असं त्याचं म्हणणं. चालतं रान, कबूल. पण त्याच बेटाच्या पायथ्याशी ‘मेक्सिकन थॉर्न’ पसरत चालला आहे, आणि तो दुसरातिसरा कुणी नसून आपलीच वेडी बाभूळ आहे. हिरवं कासव जिथे अंडी घालतं त्या पुळणींच्या दिशेने ती सरकते आहे. जी हिरवाई वर ढग अडवते तिचं कौतुक करायचं आणि जी खाली कासवाची वाट अडवते तिच्याबद्दल हात झटकायचे, हा कुठला न्याय? चालतं, पण कुणासाठी, हा प्रश्न पिअर्सला पुरेसा छळत नाही.

इथे त्या बेटावरच्या पार्स्ली फर्नबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. कोथिंबिरीच्या कोवळ्या पानाएवढा नेचा. १९५८ नंतर तो कुणाला दिसला नव्हता, नामशेष म्हणून नोंदला गेला होता. २००९ साली ग्रीन माउंटनच्या एका उभ्या, उघड्या उतारावर त्याची मोजकी रोपं सापडली. माणसं दोराने खाली उतरली, आजूबाजूचं तण काढलं, पाणी घातलं. बीजाणू विमानाने इंग्लंडला गेले आणि क्यूमध्ये त्यांची रोपं वाढवली गेली. एवढ्याशा पानासाठी कड्याला लोंबकळणाऱ्या त्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे.

एवढ्यावरून मी म्हणणार होतो की बांबू तोडा, कातळ मोकळा करा. पण दुसरा एक नेचा आडवा येतो. बोटाच्या पेराएवढा, तोही फक्त याच बेटावरचा. तो आता परक्या झाडांच्या आणि बांबूच्या खोडावर साचलेल्या ओल्या शेवाळात वाढतो. रान सरसकट तोडलं तर तोही जाईल. म्हणजे एका राहणाऱ्याला हूकरचं रान नडलं आणि दुसऱ्याने त्यातच घर केलं. माझा भेद मोडत नाही, पण कुऱ्हाड मात्र हातातून सुटते. उरतं ते निंदणीचं काम: इथला बांबू विरळ कर, तिथला राख, त्या कपारीतलं आलं उपट, खालची वेडी बाभूळ मुळासकट काढ. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पिअर्स म्हणतो तसं हे रान आपलं आपण चालेल. नेचे मात्र आपले आपण तगणार नाहीत.

आणि अडचण अशी की असेन्शनवर कायम राहण्याचा हक्क कुणालाच नाही. नोकरी संपली की बेट सोडायचं. कुठल्या कपारीत काय उगवतं हे जाणणारा माणूसही कधीतरी विमानात बसतो. म्हणून इतर कुठल्याही उद्यानापेक्षा इथे माळ्यांच्या पगाराची तरतूद आधी व्हायला हवी, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्यक्ष डोंगरावर नेऊन एकेक कपार दाखवायला हवी.