अकरा किलो

कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरात शिरलं की आधी कंटेनरची रांग, मग मेट्रोचे खांब, आणि मग नुसती गोदामं. मुंबईची जकात चुकवायला माल इथं येऊन बसला. २०१७ मध्ये जकात गेली, माल काही हलला नाही. अशाच एका गोदामात मी टॅली लिहितो.

एका शनिवारी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं टेम्पोतून अंगावर चढवायचा एक सांगाडा घेऊन आली. त्यातला एक आमच्या मुकादमांचा भाचा. प्रोजेक्ट होता तोफखान्यातल्या जवानांची कंबर वाचवण्याचा. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण ४३ किलोंचा. तो हातांनी उचलायचा, तोफेपर्यंत न्यायचा, मग पुढचा. खरा गोळा यांना कोण देणार? पाइपात वाळू आणि लोखंडाचा चुरा ठासून त्यांनी आमच्याच काट्यावर ४३ किलो जुळवले.

सांगाडा दिसायला झकास. ॲल्युमिनियमच्या नळ्या, मांडीला पट्टे, खांद्यावर स्प्रिंगा. "मामा, घालायला फक्त चार मिनिटं लागतात," भाचा म्हणाला. मुकादमांनी थप्पीवरून आप्पांना हाक मारली. आप्पा साताऱ्याकडचे, तीस वर्षं माथाडीत.

आप्पांनी सांगाडा चढवून घेतला, गोळा उचलला, ठेवला.

"बरं हाय. ह्याचं वजन किती?"

"अकरा किलो."

"मग ते कुणी उचलायचं?"

"ते स्प्रिंगा तोलतात, काका," चौघांतली एकुलती मुलगी म्हणाली. आप्पांनी मान डोलावली आणि पोत्यावर टेकायला गेले. मांडीची नळी आडवी आली. पुन्हा उभे राहिले.

"बसताबी येत न्हाई. दोन गोळ्यांच्या मधी फौजी काय उभाच ऱ्हातो?"

कुणी काही बोललं नाही. गोळ्याचं वजन चौघांनाही पाठ होतं, गोळा उचलणारा माणूस मात्र एकानंही पाहिला नव्हता. सांगाडा पुन्हा टेम्पोत गेला. मला वाटलं, संपलं.

सोमवारी मुलगी एकटीच आली. वही घेऊन दाराशी बसली. पुढच्या आठवड्यात चौघंही. आमच्या शेठजींना ही गर्दी फारशी रुचली नव्हती, पण मुकादमांनी निभावून नेलं.

वहीत काय होतं ते मी पाहिलंय. आप्पा पोतं आधी पोटाशी ओढतात, मग उठतात. पाठीचे स्नायू मणक्यापासून दोन-तीन बोटांवरून ओढतात आणि ओझं लोंबतं हातभर पुढे. तरफ उलटी पडते, म्हणून कमरेत बसणारा ताण ओझ्याच्या कितीतरी पट होतो. डोक्यावर घेतलं की ओझं मणक्याच्या रेषेत येतं. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आलाय, हे मुलांना इथं कळलं. आप्पांचा चेहरा आवळतो तो मात्र गाडीत वाकून अर्धवट वळताना. त्या पानावर तिनं तीनदा रेघ मारली होती.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या अभियंत्यांनी सैनिकांसाठी 'सेबर' नावाचा पोशाख केलाय, हेही त्याच वहीत. तेही आधी सैनिकांमध्ये जाऊन बसले, त्यांचं काम बघितलं. मग जे झालं ते दीड किलोच्याही आतलं, इलॅस्टिकच्या पट्ट्यांचं. मोटार नाही, बॅटरी नाही.

परीक्षेच्या आधी मुलं परत आली. या वेळी टेम्पो नव्हता, एक पिशवी होती. आत दप्तराचे बंद, बकला आणि जाड इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या. खांद्यापासून मांडीपर्यंत, पाठीवरून. वाकलं की पट्टी ताणली जाते आणि पाठीचा थोडा भार आपल्याकडे घेते. आप्पांनी सदऱ्यावरून तो पट्टा चढवला आणि कामाला लागले. गोळ्याला हातही लावला नाही. गाडी लागली होती, ती खाली करायची होती.

साडेदहाला चहा आला. आप्पा पोत्यावर बसले, बशीत ओतून फुंकर मारत प्यायले, कुणाशी तरी गावच्या पावसाचं बोलले. मुलगी वही उघडून समोर उभी. "काका, पट्टा कसा वाटतोय?"

आप्पांनी बशी खाली ठेवली. "कुठला?" असं म्हणत त्यांचा हात खांद्याकडे गेला.