दिवा विझवलेलं घर

मदिनेतल्या अन्सारी सहाबींची आणि त्यांच्या मेहमानाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मकतबमध्ये ऐकलेली असते. एक भुकेला माणूस पैगंबरांकडे (स.) आला. त्यांच्या घरांत त्या दिवशी पाण्याशिवाय काही नव्हतं. एका अन्सारींनी त्याला आपल्या घरी नेलं. तिथेही फक्त मुलांपुरतं अन्न. बायकोनं मुलांना उपाशीच निजवलं, वात सारखी करायच्या निमित्तानं उठून दिवा मालवला आणि अंधारात नवराबायको जेवत असल्याचं भासवत बसले. मेहमान पोटभर जेवला. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे.

ऐकताना आपण नेहमी त्या अन्सारींच्या बाजूला बसतो. अंधारात जेवणाऱ्या माणसाच्या बाजूला बसून बघावं, असं आम्हांला कधी सुचलं नव्हतं. ते सुचलं शारजात, २००९ साली.

रोला भागात आमचं एका बेडरूमचं घर होतं. दापोलीच्या शाळेत एका बाकावर बसणारा मित्र जानेवारीत तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर काम शोधायला आला. वेळ वाईट होती. २००८ च्या मंदीनं दुबईतली बांधकामं जागच्या जागी थांबली होती. आम्ही त्याला 'आत्ता येऊ नकोस' असं लिहायला हवं होतं. लिहिलं मात्र 'ये, घर आपलंच आहे'. गल्फला राहणाऱ्या कोकणी माणसाला हे वाक्य आपोआप येतं.

पाचव्या आठवड्यात आमच्याच हातात कपातीचं पत्र पडलं. तेव्हा व्हिसा रद्द झाला की देश सोडायला तीस दिवस मिळत. आम्ही दोघांनी ठरवलं की मित्राला कळू द्यायचं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आम्ही बाहेर पडत असू आणि दुपारपर्यंत बागेतल्या बाकावर बसत असू. घरी त्याच्यासाठी सुरमई येत राहिली. आम्ही 'आमचं मघाशीच झालं' म्हणून खुबूस आणि चहावर भागवत होतो. तोही अचानक रात्री उशिरा यायला लागला. "वहिनी, गाववाल्यांकडे जेवून आलो," म्हणायचा. सुरमई तीन-तीन दिवस फ्रिजमध्ये पडून राही. ज्या घरात दोन्ही बाजू उपाशी, तिथे मासा उरतो हे आम्हांला तेव्हा उमगलं नाही.

जायच्या दिवशी विमानतळावर तो म्हणाला, "तिसऱ्याच दिवशी तुला बाकावर बघितलं होतं. दापोलीत असतास तर सांगितलं असतंस ना? इथे तू मला पाहुणा केलास."

त्याच्या या बोलण्याला आमच्याकडे आजही सरळ उत्तर नाही. मेहमाननवाजी तीन दिवसांची आणि त्यापुढचं सगळं सदका, ही हदीस सगळ्यांना पाठ असते. तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: यजमान अडचणीत येईल इतका मेहमानानं मुक्काम करू नये. म्हणजे मेहमानावरही एक जबाबदारी आहे. पण यजमानानं अडचणच लपवली तर त्यानं ती पाळायची कशी? आम्ही त्याला जेवण देत होतो आणि त्याचं कर्तव्य काढून घेत होतो. त्याला ते चोरून, उपाशी राहून पार पाडावं लागलं.

उलट बाजूही खोटी नाही. सांगितलं असतं तर तो त्याच रात्री बॅग उचलून बाहेर पडला असता, आणि बेडस्पेसचं भाडं त्याच्या खिशात नव्हतं. खरं बोलून माणसाला घराबाहेर काढता येतं. बरेच सभ्य लोक तसंच काढतात. मदिनेतला मेहमान अनोळखी होता आणि प्रश्न एका रात्रीचा होता. तिथे दिवा मालवणं ही निव्वळ माया होती. आमच्या मालवण्यात मायेबरोबर आणखी काही मिसळलेलं होतं. 'गल्फवाल्याची नोकरी गेली' ही बातमी दापोलीला पोहोचू नये, ही धडपड त्यात होती. किती होती, ते मोजायचं धाडस आम्ही अजून केलेलं नाही.

शिवाय ज्या घराला आम्ही आपलं म्हणत होतो ते तरी कुठे आपलं होतं? परक्या माणसाला भेटीला येण्याचा हक्क असतो, मेहमान म्हणून राहण्याचा नसतो, असं कांटनं १७९५ साली लिहिलं. गल्फमध्ये आमच्यासारख्यांना 'वाफिद' म्हणतात. वाफिद म्हणजे आलेला. तो तीन महिन्यांच्या कागदावर, आम्ही तीस दिवसांच्या. कागद बघितला तर तोच आमच्यापेक्षा जास्त दिवसांचा होता, निदान सुरुवातीला. तरी आम्ही यजमान आणि तो पाहुणा, कारण किल्ली आमच्या खिशात होती. ती किल्ली थोडी त्याच्याकडे दिली असती, तीस दिवसांचा हिशेब दोघांनी मांडला असता, तर 'सांगणं' म्हणजे 'जा म्हणणं' झालंच असतं असं नाही. कदाचित झालंही असतं.

आम्ही मार्चमध्ये परतलो. तो पुण्यात स्थिरावला. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच्याकडे दोन दिवस राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, गॅस संपलाय, सिलिंडर उद्या येईल. घरात काही नाही. तुम्ही कांदा चिरा, मी भेळेचं सामान आणतो." आमची बायको सुरी शोधायला उठली.