तुंगध्वजाचा दोष कोणता?

दमणगंगेकाठच्या अथालमध्ये कारखान्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतली माणसं शेजारी आली आहेत. मराठी घरात सत्यनारायण झाला की शेजारी प्रसादाच्या शिऱ्याची वाटी जाते. रवा, दूध, तूप, साखर, केळं, वर काजू. पण यातल्या एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या पापण्या एका घासानेही काही मिनिटांत सुजू शकतात. डोळे लाल होतात, खाजतात, पाणी गळू लागतं.

यात देवाचा कोप नाही. शरीर काजूतल्या प्रथिनाला शत्रू समजतं, पेशींमधून हिस्टामिन सुटतं आणि पापणीची कातडी पातळ नि सैल असल्यामुळे सूज तिथे चटकन दिसते. खरकटा हात डोळ्यांना लागला, तरी तेवढ्यानेही असं होऊ शकतं. तीर्थ-प्रसाद घेताना तर हात डोळ्यांकडे जातोच. डोळे नुसतेच खाजत असतील, तर मात्र बहुधा धूळ किंवा पराग कारणीभूत असतात. दूध न पचणं हेही वेगळं. त्यात पोट बिघडतं.

मग प्रसाद नाकारावा का?

इथे भलेभले कचरतात, कारण भीती सत्यनारायणाच्या कथेतच आहे. प्रसाद न घेता धावत गेलेल्या कलावतीच्या पतीची नौका बुडते. गोपाळांनी दिलेला प्रसाद टाकून गेलेला राजा तुंगध्वज पुत्र आणि संपत्ती गमावतो. पण कथा नीट ऐकावी. तुंगध्वज गर्वाने वागला, कलावती उतावळेपणाने. शरीराला सोसत नाही म्हणून हात मागे घेणाऱ्याला कथेत कुठेही शिक्षा नाही. ‘देवाचं आहे, एवढ्याशाने काही होत नाही’ म्हणत मुलाला भरवणं ही श्रद्धा नव्हे, त्याच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

तैत्तिरीय उपनिषद अन्नाला ब्रह्म म्हणतं आणि अन्न प्राण्यांना खातं, हेही तेच सांगतं. इतर धर्मांतही अशा शरीरांसाठी वाट काढलेली दिसते. कॅथलिक धर्मपीठाने मिस्सेतली भाकर गव्हाचीच हवी हा नियम 2017 साली पुन्हा सांगितला, पण कमी ग्लूटेनची भाकर चालते. ग्लूटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला नुसता द्राक्षारसही पुरतो. 

म्हणून वाटी देणाऱ्याने आत काय आहे ते सांगावं, सोसत नसेल तर घेणाऱ्याने नमस्कार करून ती दुसऱ्याला द्यावी. आणि सुजेसोबत श्वास अडखळू लागला, तर आरती अर्धी सोडून सिल्वासाचं विनोबा भावे रुग्णालय गाठावं. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन ताबडतोब लागतं.