आपल्यात चालत नाही

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमची लेक, वय वर्षं सोळा, कोरियन मैत्रिणीच्या घरून आली ती घोषणा करतच. "आई, या शनिवारी स्वयंपाक माझ्याकडे. मी पोर्क करणार!"

माझ्या तोंडून उत्तर आपोआप निघालं, "अगं, आपल्यात चालत नाही."

आता आमचं घर काही सोवळ्यातलं नाही. रविवारी मटण, मधल्या वारी मासे किंवा कोंबडी आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, असा सांता क्लारातला चारचौघांसारखा मराठी संसार. लेकीला हे ठाऊक. तिनं शांतपणे विचारलं, "आपल्यात म्हणजे नक्की कोणात? आणि का नाही चालत?"

इथली मुलं 'का' विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात. तुमच्याही घरी हाच अनुभव असेल!

मी आधी धर्माकडे धाव घेतली. म्हटलं, "वराह हा विष्णूचा अवतार आहे." ती म्हणाली, "पण पहिला अवतार मत्स्य ना? मग आपण पापलेट कसं खातो?" मी गप्प.

मग मी स्वच्छतेचा मुद्दा काढला. आपल्या गावाकडे डुकरं गटारात लोळतात, नको ते खातात. यावर आमचे 'हे' पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आणि गावरान कोंबडी काय देवघरात दाणे टिपते? उकिरडा उकरते म्हणून तर तिला चार पैसे जास्त मोजतो आपण." शिवाय इथल्या दुकानातलं मांस गटारावरच्या डुकराचं नाही, हे मलाही माहीत होतं.

राहिलं आरोग्य. कच्च्या पोर्कमधून पट्टकृमी पोटात जाऊ शकतात, हे खरंच आहे. पण त्यावरचा उपाय नीट शिजवणं हा आहे. इथल्या कृषी खात्यानं २०११ साली सांगितलं, की अख्ख्या तुकड्याचं आतलं तापमान १४५ अंश फॅरनहाइट झालं आणि नंतर तीन मिनिटं तो तसाच ठेवला, की पुरे. खिम्याला मात्र १६० अंश हवेत. लेकीनं हे आधीच वाचून ठेवलं होतं.

शेवटचा हुकमी एक्का म्हणजे "आपली माणसं खात नाहीत." तोही टिकला नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला सोरपोतेल होतं. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतही पोर्क परकं नाही. ती आपली माणसं नव्हेत, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

एकेक कारण गळून पडलं, पण मनातली किळस तशीच होती. मग ती आली कुठून? त्या रात्री झोप लागेना. आणि चाळीस वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली.

साताऱ्याकडच्या आमच्या गावात ओढ्यापलीकडे डुकरं पाळणाऱ्यांची चार-पाच घरं होती. त्यातल्या एका घरची मुलगी आमच्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला, की आम्ही मैत्रिणी नाक दाबून लांब सरकायचो. तिच्या डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि चटणीच असायची, अगदी आमच्यासारखी. सातवीनंतर ती शाळेत आली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गावाला डुकराचा स्पर्शही नको, म्हणून ते पकडायचं काम जब्याच्या घरावर येतं. ते कुटुंब डुकरामागे धावतं आणि गाव तमाशा बघावा तसं हसतं. सिनेमा पाहताना मला वाईट वाटलं होतं. पण बघणाऱ्या त्या गर्दीत मीही कधी उभी होते, हे मात्र लेकीच्या 'का'मुळे कळलं. माझी किळस डुकरापाशी सुरू झालीच नव्हती. ती माणसापाशी सुरू झाली आणि मग त्याच्या ताटावर जाऊन बसली.

तुम्ही म्हणाल, मग काय, पोर्क खाल्लं की झालं प्रायश्चित्त? मुळीच नाही. सांता क्लारातल्या सुसज्ज स्वयंपाकघरात एक जपानी पदार्थ करून त्या मुलीचं काहीच भरून निघत नाही. आणि खाणं म्हणजे पुरोगामीपणा, न खाणं म्हणजे मागासलेपणा, असंही नाही. आमचे शेजारी पाकिस्तानी आहेत. ते श्रद्धेनं पोर्क टाळतात आणि ते जेवायला येतात तेव्हा आमच्या घरात ते शिजणार नाही. सासूबाई माळकरी आहेत, त्यांचा तवा वेगळा असतो. दुसऱ्याला कमी न लेखता पाळलेला नेम कोणताही असो, त्याचा मान राखायलाच हवा.

शिवाय त्या जनावराची स्वतःचीही एक बाजू आहे. डुक्कर हुशार प्राणी आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डुकरं तोंडानं जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा साधा खेळ खेळायला शिकली. अशा जिवाला हलताही येणार नाही इतक्या पिंजऱ्यात ठेवणं योग्य का? आपल्या कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ साली 'प्रपोझिशन १२' मंजूर केलं. त्यानुसार इथे पोर्क विकायचं, तर प्रत्येक मादीला किमान २४ चौरस फूट जागा हवी, म्हणजे जेमतेम एका सतरंजीएवढी. उत्पादक सुप्रीम कोर्टात गेले, पण २०२३ साली कायदा टिकला. उद्या माझी लेक "या प्राण्याचे हाल मला बघवत नाहीत, म्हणून मी खात नाही" म्हणाली, तर मला आनंदच होईल. 'नाही' तेच, पण त्यामागे विचार असेल.

शनिवार उजाडला. एल कॅमिनो रिआलवरच्या कोरियन दुकानातून लेकीनं पातळ कापांचं एक पाउंड पोर्क आणलं आणि जपानी 'शोगायाकी' केली. किसलेलं आलं एक मोठा चमचा, सोया सॉस आणि मिरिन दोन-दोन चमचे. तापल्या पॅनमध्ये काप गुलाबीपणा जाईपर्यंत परतले, वर आल्याचा रस्सा आटवला. बाजूला चिरलेला कोबी आणि भात. पंधरा मिनिटांत जेवण तयार! सासूबाई त्याच टेबलाशी पिठलं-भाकरी घेऊन बसल्या. म्हणाल्या, "आल्याचा वास तर आपल्याच घरातला आहे गं."

मी दोन घास खाल्ले. चव चांगली होती. तिसरा घास मात्र घेववला नाही, चाळीस वर्षांची सवय एका जेवणात जात नाही.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. "मी खात नाही" असं कोणीही, कधीही म्हणावं. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून "शी" मात्र म्हणायचं नाही. चाळीस वर्षांपूर्वी हा नियम आमच्या वर्गात असता, तर ती मुलगी निदान आपला डबा आमच्या शेजारी बसून खाऊ शकली असती.