एरिकचे वडील

१३ मार्च १९१८ रोजी फ्रान्सच्या आघाडीवर रॉयल फ्लाइंग कोअरचा एक वैमानिक मारला गेला. एरिक व्हाइटहेड, वय १९. घरातले शेंडेफळ. त्याचे वडील आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गणित शिकवत. बर्ट्रांड रसेलबरोबर ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’चे तीन जाडजूड खंड लिहिणारा हा माणूस, पण पोर गेल्यावर गणित काय सांगणार?

पुढच्याच वर्षी आलेले पुस्तक त्यांनी एरिकला अर्पण केले. त्यांना तत्त्वज्ञानाकडे वळवण्यात या दुःखाचा मोठा वाटा होता, असे पुढे रसेलनेच लिहिले. १९२४ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, ते अमेरिकेत हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकवायला गेले, आणि १९२९ मध्ये ‘प्रोसेस अँड रिअॅलिटी’ आले.

व्हाइटहेड धर्मोपदेशकाचे चिरंजीव. तरी “देवाचीच इच्छा” या सांत्वनाला त्यांच्या विचारात जागा नाही, आणि मला ते फार मोलाचे वाटते. ते म्हणतात, जग वस्तूंचे नाही, घडण्याचे आहे. प्रत्येक क्षण मागचे सारे पोटात घेतो, त्यात आपला थोडासा निर्णय मिसळतो आणि विरतो. विरला तरी पुढच्या क्षणात उतरतो. निर्णय असंख्य, म्हणून टकरीही असंख्य. त्या दिवशीचा मृत्यू माणसांच्या अशाच निर्णयांतून आला, वरून कोणी धाडला नव्हता. देव इथे हुकूम सोडणारा सम्राट नाही. प्रत्येक क्षणापुढे तो चांगली वाट ठेवतो; ती घ्यायला भाग पाडत नाही.

मुलगा गमावलेली आई यावर विचारील, “मग असा देव काय कामाचा? हात धरून वाचवत नाही तो?”

नाही वाचवत. व्हाइटहेड हे झाकत नाहीत. पण तिचे दुःख त्या देवाला जसेच्या तसे भोगावे लागते, आणि तिच्या लेकराच्या एकोणीस वर्षांतला एकही क्षण त्याच्यापाशी वाया जात नाही. दुःखाला शिक्षा किंवा परीक्षा म्हणण्यापेक्षा हे उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यात त्या आईला गुन्हेगार ठरवावे लागत नाही.

हार्वर्डच्या दिवसांत व्हाइटहेड दांपत्याचे घर ठरलेल्या संध्याकाळी विद्यार्थ्यांना खुले असे. एरिकच्या वयाची मुले येत, रात्र होईपर्यंत बोलत बसत. म्हातारा प्रत्येकाचे म्हणणे मन लावून ऐके.