उत्क्रांती आणि साधकाची सत्यनिष्ठा

“माणूस माकडापासून झाला असे शाळेत शिकवतात. मग आत्मा, ईश्वर, सदाचार यांना काय अर्थ उरतो?” सत्संगात तरुण साधक हा प्रश्न अनेकदा विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसेच असायला हवे.

प्रथम उत्क्रांती म्हणजे काय ते समजून घेऊ. एकाच जातीच्या जीवांमध्ये लहानमोठे फरक असतात व त्यांतील अनेक संततीत उतरतात. भोवतालच्या परिस्थितीत जगण्यास आणि वंश वाढण्यास जो फरक उपयोगी पडतो, तो पिढ्यान्‌पिढ्या पसरत जातो. दीर्घ काळात अशा बदलांतून नव्या जाती घडतात. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला. आजचे माकड आपला पूर्वज नव्हे. त्याचे आणि आपले पूर्वज एक होते.

याचा पुरावा आपल्याच भूमीत सापडला आहे. जम्मूतील राजौरी जिल्ह्यात कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांत ‘इंडोह्यस’ या प्राण्याची हाडे मिळाली. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा मांजराएवढा, खुरांचा प्राणी. २००७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण व्हेलसारखी निघाली. तो व्हेलच्या पूर्वजांचा जवळचा नातलग होता. आजच्या व्हेलच्या शरीरातही कमरेची लहान हाडे शिल्लक आहेत. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर, दोन जुनी गुणसूत्रे जोडली गेल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात.

इतका पुरावा समोर असताना श्रद्धेच्या नावाखाली डोळे मिटणे हे सत्याच्या उपासकाला शोभत नाही. “हे सारे आमच्या दशावतारात आधीच सांगितले आहे” असे म्हणून समाधान मानणेही योग्य नव्हे. अवतारकथांचा विषय धर्मरक्षण हा आहे. त्यांना जीवशास्त्राचे प्रमाणपत्र लागत नाही.

दुसरी चूक याहून घातक आहे. “निसर्गात बळी तो कान पिळी हाच नियम, मग माणसाने वेगळे का वागावे?” असे काही जण म्हणतात. निसर्गात टिकतो तो परिस्थितीला अनुरूप असलेला. तो बलवानच असेल असे नाही. मुंग्या, मधमाश्या परस्परांच्या साहाय्यानेच टिकल्या आहेत. शिवाय निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती उचित ठरत नाही. रोगही निसर्गातच आहेत, तरी आपण रुग्णाची सेवा करतो. देह कसा घडला हे विज्ञान सांगते. त्या देहाकडून कोणते काम घ्यायचे, हा निर्णय प्रत्येकाने आपल्या विवेकाने घ्यायचा असतो.

राग, भय, लोभ यांची मुळे कदाचित फार जुनी असतील. त्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही. राग येणे आपल्या हाती नसेल. आलेला राग दुबळ्यावर काढायचा की आवरायचा, हे आपल्या हाती आहे. साधना सुरू होते ती इथेच.

सर्वांभूती एकच चैतन्य आहे, असे आपण रोज म्हणतो. गाय, पक्षी, झाड यांच्याशी आपले रक्ताचे नाते आहे, हे विज्ञान हाडांच्या आणि गुणसूत्रांच्या आधारे दाखवते. हे नाते मान्य केले, तर मुक्या जीवाला दगड मारताना हात थबकला पाहिजे. तो थबकतो का, हे प्रत्येकाने स्वतःपुरते तपासून पाहावे.